एका टाकीवर दोन नळ : दोन ट्यूब माइकना एकच वीजपुरवठा देताना



आजचा पाठ कुठल्या पुस्तकातला नाही. तो भाद्रपदातल्या एका संध्याकाळी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात सुरू झाला आणि पुढे पाचवीच्या वर्गात येऊन पोचला. थोडा लांब आहे, पण सवडीने वाचा. यात विजेचं गणित आहे, पाण्याची गोष्ट आहे, आणि जिवाला जपण्याची एक सूचनाही आहे.

आमची शाळा शहापूर तालुक्यात. पटावरची निम्मी मुलं कातकरी वाडीतली. ही मुलं घरी कातकरी बोलतात. पहिलीत आली की पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते, आणि बरीचशी मुलं वर्षभर गप्पच बसतात. म्हणून आम्ही शिक्षकांनी ठरवलं की वाडीतल्या एका आजींच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करायच्या. मध्ये मध्ये त्यांची चौथीतली नात प्रश्न विचारेल. पहिलीच्या मुलांना ते ऐकवायचं आणि तिथून हळूहळू पुस्तकाकडे यायचं. घाई एवढ्यासाठी, की दिवाळी झाली की वाडीतली घरंच्या घरं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. आजी जातात, नातही जाते. मग पावसाच्या तोंडावर परत.

माझं माहेर मुरबाड. तिथले ओळखीचे एक साउंडवाले दादा सरळगाव-किन्हवली रस्त्याने टेम्पो घेऊन आले. पैसे घेणार नव्हते. त्यांनी मोठ्या कौतुकाने दोन माइक काढले. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून जुने विकत घेतलेले, ट्यूबचे. प्रत्येक माइकबरोबर एक जड लोखंडी डबा, म्हणजे त्या माइकचा पॉवर सप्लाय. जोडाजोड झाली आणि एका डब्याचा दिवा काही लागेना. फ्यूज पाहिला, तो ठीक होता. दादा म्हणाले, “बाई, काळजी नको. दोन्ही केबली एकाच डब्याला मारतो. लाइट तर तीच ना!”

मी म्हटलं, “दादा, थांबा.”

मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका, इंजिनिअर नाही. पण माझ्या बाबांचं मुरबाडला रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. ट्यूबचा सेट उघडला की बाबा डावा हात खिशात घालून काम करत. का, ते मला लहानपणी कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र तो खिशातला हातच आधी आठवला. “लाइट तीच” हे खरं आहे का, आणि दोन माइकना एकच पुरवठा द्यायचाच असेल तर तो कसा द्यावा, हे मी नंतर बाबांच्या जुन्या वह्या आणि त्यांच्या एका मेकॅनिक मित्राच्या मदतीने समजून घेतलं. तेच इथे मांडते.

माइकला लाइट लागते तरी का?

शाळेतल्या परिपाठाला आपण जो हातात धरायचा माइक वापरतो, त्याला स्वतःला वीज लागत नाही. त्यात एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि एक लोहचुंबक असतं. आवाजाने पडदा हलतो, वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोचंच तत्त्व. म्हणून त्याला डायनॅमिक माइक म्हणतात. आपला अँप्लिफायर विजेवर चालतो, माइक नाही.

दुसरा प्रकार कंडेन्सर माइकचा. तो १९१६ साली अमेरिकेत ई. सी. वेंट या संशोधकाने तयार केला. त्यात अगदी पातळ पडदा आणि त्याच्या मागे केसभर अंतरावर एक धातूची चकती असते. दोन्हींमध्ये विजेचा भार साठवलेला असतो. आवाजाने पडदा हलला की अंतर बदलतं आणि त्या बदलातून आवाजाची विजेतली नक्कल मिळते. वेटोळ्याचं ओझं नसल्यामुळे पडदा हलका राहतो आणि बारीक आवाजही टिपला जातो. आजी दम घेऊन हळूच “मग काय झालं...” म्हणतात, तो दमसुद्धा ऐकू येतो.

पण हा संदेश फारच नाजूक असतो. पडदा आणि चकती मिळून होणारा कंडेन्सर जेमतेम काही दशक पिकोफॅरडचा. साधी जाळीची केबल स्वतःच मीटरला सुमारे १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर असते. दहा मीटर केबल जोडली तर ओंजळभर पाणी हौदात ओतल्यासारखं होईल, हाती काही लागणार नाही. म्हणून पडद्याला लागूनच, माइकच्या पोटातच, त्या संदेशाला ताकद देणारा कुणीतरी बसवावा लागतो. ट्रान्झिस्टर येण्याआधी हे काम करायला ट्यूबच होती. बर्लिनमध्ये गेऑर्ग नॉयमान यांनी १९२८ साली असा ट्यूबचा माइक बाजारात आणला. बाटलीसारख्या आकारामुळे लोक त्याला बाटलीच म्हणत.

ट्यूबच्या दोन भुका

ट्यूब म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. बाबा तिला व्हॉल्व्ह म्हणत. मधोमध एक तार तापते. तिच्यामुळे तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूला धातूची प्लेट असते, तिला जास्त दाबाची वीज दिली की ती इलेक्ट्रॉनना ओढून घेते. मध्ये एक जाळी असते. माइकचा नाजूक संदेश या जाळीला देतात आणि ती दार थोडं उघडावं, थोडं लोटावं तसा इलेक्ट्रॉनचा प्रवाह कमीजास्त करते.

म्हणजे ट्यूबला दोन वेगळ्या भुका आहेत. पहिली तापायची, दुसरी ओढायची.

एक नेहमीची ट्यूब घेऊ. तिला तापायला ६.३ व्होल्ट दाबावर ३०० मिलीअँपिअर वीज लागते. दाब कमी, प्रवाह भरपूर. प्लेटला साधारण २०० व्होल्ट लागतात, पण प्रवाह १ मिलीअँपिअरच्या आसपास. दाब भरपूर, प्रवाह नावाला. शक्ती काढून पाहा. तापायला ६.३ गुणिले ०.३ म्हणजे सुमारे १.९ वॅट. प्लेटला २०० गुणिले ०.००१ म्हणजे ०.२ वॅट. खरं काम प्लेटकडे चालतं, पण नऊ-दहा पट वीज नुसतं तापण्यात जाते. चुलीवर भात शिजायला लागतो त्याहून जास्त लाकडं चूल तापायलाच लागावीत, तसं.

गावात लाइट यायच्या आधी बॅटरीवरचे ट्यूब रेडिओ होते. वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना ती विटेएवढी जड बॅटरी आठवेल. त्या एका खोक्यात खरं म्हणजे दोन बॅटऱ्या असत. एक दीड व्होल्टची, ट्यूबा तापवायला. दुसरी ९० व्होल्टची, प्लेटसाठी. दोन भुका, दोन शिदोऱ्या.

आणि गंमत अशी, की त्या रेडिओत चार-पाच ट्यूबा एकाच बॅटरीवर जेवत होत्या. म्हणजे सामाईक पुरवठा ही काही नवी गोष्ट नाही. तो नीट केला तर चालतो. प्रश्न “नीट” या शब्दाचा आहे.

सामाईक पुरवठ्याचं एक चांगलं उदाहरण

आजकाल मिक्सरवर “४८ व्होल्ट” असं लिहिलेलं एक बटण असतं. ते दाबलं की कंडेन्सर माइकना केबलीतूनच वीज मिळते, वेगळा डबा लागत नाही. याला फँटम पॉवर म्हणतात. ४८ हाच आकडा का? १९६६ मध्ये नॉयमान कंपनी ट्रान्झिस्टरचा नवा माइक बनवत होती आणि तो नॉर्वेच्या सरकारी रेडिओला हवा होता. नॉर्वेत हिवाळ्यात दिवस फार तोकडा, काळोख फार. म्हणून त्यांच्या स्टुडिओत जास्तीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. कंपनीने माइक त्याच दाबावर चालेल असा केला आणि पुढे तोच जगभरचा नियम झाला.

एका मिक्सरमध्ये ४८ व्होल्टचा पुरवठा एकच असतो आणि माइक आठ किंवा सोळा असू शकतात. तरी ते एकमेकांच्या आड येत नाहीत. कारण प्रत्येक माइकच्या दोन्ही तारांना स्वतंत्र ६.८ किलोओहमचा रेझिस्टर असतो. टाकी एक, पण प्रत्येकाची वाट वेगळी आणि मोजून दिलेली. एका माइकची केबल शॉर्ट झाली तरी तो सगळ्यांचं पाणी ओढून नेऊ शकत नाही.

मग ट्यूब माइक याच्यावर का चालवू नये? गणित पाहा. दोन ६.८ किलोओहम समांतर धरले तर ३.४ किलोओहम. ४८ भागिले ३४०० म्हणजे अगदी शॉर्ट केलं तरी जास्तीत जास्त १४ मिलीअँपिअर मिळतील. ट्यूबला नुसतं तापायला ३०० पाहिजेत. वाटीने हौद भरायला निघाल्यासारखं आहे. म्हणून बहुतेक ट्यूब माइकना वेगळा डबा असतो आणि डब्यापासून माइकपर्यंत जाड, बहुधा सात पिनांची केबल असते.

भांडण टाकीत नसतं

आता मूळ प्रश्न. दोन माइक, एक पुरवठा. हे समजायला आपल्या वाडीतल्या नळयोजनेकडे बघा.

टाकी मोठी आहे, भरलेली आहे. टाकीपासून एकच बारीक पाइप निघतो आणि पुढे त्याला दोन नळ फुटतात. पहिल्या घराने नळ पूर्ण सोडला की दुसऱ्या घरची धार करंगळीएवढी होते. दोन्ही घरं म्हणतात, टाकीत पाणी नाही. पाणी असतं! भांडण टाकीत नसतं, सामाईक पाइपात असतं. दोघांचं पाणी जेवढ्या अंतरापर्यंत एकाच बारीक पाइपातून जातं, तेवढ्या अंतरापर्यंतच एकाचा त्रास दुसऱ्याला होतो.

विजेचंही तंतोतंत असंच. तारेला रोध असतो. दोन माइकचा प्रवाह ज्या तारेतून, ज्या रेझिस्टरमधून एकत्र जातो, तिथे एकाच्या मागणीमुळे दुसऱ्याचा दाब पडतो. म्हणून सामाईक पुरवठ्याचा पहिला आणि शेवटचा नियम एकच : टाकी सामाईक ठेवा, पाइप लवकरात लवकर वेगळे करा.

यावरून काय सामाईक चालेल आणि काय चालणार नाही ते आपोआप ठरतं. ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि पहिला मोठा कंडेन्सर ही झाली टाकी. ती दोघांना पुरेल एवढी मोठी घ्यायची, म्हणजे सामाईक चालेल. त्याच्या पुढचं सगळं प्रत्येकाला स्वतःचं. आता एकेक भूक घेऊ.

तापण्याची वीज आणि शेवटचं घर

दोन माइकना तापायला ३०० अधिक ३०० म्हणजे ६०० मिलीअँपिअर लागणार. दादांच्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर एका माइकच्या हिशोबाने बनवलेला. दोन जोडले असते तर दाब पडला असता, ट्रान्सफॉर्मर तापला असता. शिवाय थंड तारेचा रोध तापलेल्या तारेपेक्षा कित्येक पट कमी असतो. त्यामुळे ट्यूब सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते. एक माइक चालू असताना दुसरा जोडला की पहिल्याच्या तोंडचं पाणी पळणार.

दुसरी गोष्ट केबलची. समजा तारेची जाडी ०.२२ चौरस मिलिमीटर आहे. तांब्याच्या अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.०७८ ओहम. दहा मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, रोध १.५६ ओहम. त्यातून ०.३ अँपिअर गेले की ०.४७ व्होल्ट वाटेतच संपतात. माइकपर्यंत ६.३ ऐवजी ५.८३ पोचतात. वीस मीटरची केबल घेतली तर ५.३६. आणि दोन्ही माइक त्याच जोडतारेवर टाकले तर घट दुप्पट! डब्यावर मीटर लावून “६.३ आहेत की” म्हणण्यात अर्थ नाही. शेवटच्या घरी किती पोचतंय ते बघायचं.

आपल्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्याच कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. पुरवठा किती आहे आणि शेवटच्या घरी किती पोचतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

उपाय असा. सामाईक टाकीत साधारण ११ व्होल्टची डीसी वीज ठेवायची. तिथून प्रत्येक माइकसाठी स्वतंत्र रेग्युलेटर लावायचा. बाजारात एलएम ३१७ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर सहज मिळतो. तो म्हणजे प्रत्येक घराचा स्वतःचा चावीचा नळ. माइक जोडून, पूर्ण तापू देऊन, माइककडच्या टोकाला ६.३ व्होल्ट येतील असा तो फिरवून ठेवायचा. ११ मधले ६.३ वजा केले तर ४.७ व्होल्ट रेग्युलेटरवर पडतात. गुणिले ०.३ म्हणजे १.४ वॅटची उष्णता. म्हणून त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लागते. ती विसरली तर हात लावताच कळेल.

प्लेटची वीज आणि दारातला हंडा

प्लेटच्या बाजूला प्रवाह इवलासा, पण इथे शुद्धता लागते. आपली लाइट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. डायोडनी तिचं डीसी केलं तरी सेकंदाला १०० लाटा उरतात. त्या माइकमध्ये शिरल्या की मागे सतत भुंगा घोंघावत राहतो.

शिवाय माइकमध्ये आवाज आला की प्लेटचा प्रवाह आवाजाबरोबर हलतो. दोन्ही माइकची प्लेट एकाच तारेवर असेल तर आजींचा आवाज नातीच्या माइकमध्ये मागच्या दाराने शिरतो. जुन्या रेडिओतलं एक दुखणं बाबांच्या दुकानात नेहमी यायचं. रेडिओ लावला की फट्-फट्-फट् असा होडीच्या इंजिनासारखा आवाज. कारण बहुतेक वेळा एकच, ट्यूबांना एकमेकींपासून वेगळं ठेवणारा कंडेन्सर वाळलेला. म्हणजे सगळं जेवण एकाच ताटात, आणि एकीचा घास दुसरीच्या हाताला लागतोय.

उपाय पुन्हा पाण्यातलाच. ज्या घरात नळाची धार नीट नसते, तिथे बाई काय करते? दारात हंडा भरून ठेवते. नळ हवा तसा वागो, घरात वापर हंड्यातून. विजेतला हंडा म्हणजे कंडेन्सर. प्रत्येक माइकच्या वाटेवर एक रेझिस्टर आणि त्याच्या पुढे एक कंडेन्सर. रेझिस्टर म्हणजे बारीक तोटी, कंडेन्सर म्हणजे हंडा.

आकडे घालून पाहू. रेझिस्टर १० किलोओहम, कंडेन्सर ४७ मायक्रोफॅरड. १ मिलीअँपिअर प्रवाहाला रेझिस्टरवर १० व्होल्ट पडतील. म्हणून टाकीत २१० ठेवले की माइकला २०० मिळतील. १०० हर्ट्झच्या लाटेला हा कंडेन्सर साधारण ३४ ओहमचा वाटतो. १०,००० च्या पुढे ३४, म्हणजे लाट जवळजवळ ३०० पटीने लहान होते. दोन माइकमध्ये तर दोन तोट्या आणि दोन हंडे आडवे येतात. एकीचा आवाज दुसरीकडे जायला वाटच उरत नाही.

आणि एका केबलीत शॉर्ट झाला तर? २१० भागिले १०,००० म्हणजे २१ मिलीअँपिअर, त्याहून जास्त ओढता येणार नाही. टाकी तेवढा प्रवाह देण्याच्या ताकदीची असेल तर दुसरा माइक चालू राहील. पण त्या रेझिस्टरवर ४.४ वॅट पडतील. म्हणून तिथे पिटुकला रेझिस्टर चालत नाही. निदान १० वॅटचा घ्यावा, किंवा प्रत्येक वाटेवर छोटा फ्यूज टाकावा.

परतीची वाटही विसरू नका. नळ वेगळे आणि मोरी एकच असली की एका घराचं सांडपाणी दुसऱ्याच्या अंगणात तुंबतं. म्हणून दोन्ही माइकच्या परतीच्या तारा वेगवेगळ्या आणून टाकीजवळ एकाच बिंदूला जोडायच्या. आवाजाच्या तारा तर कधीच एकत्र करायच्या नाहीत, प्रत्येक माइकचा आवाज आपल्या वेगळ्या सॉकेटने बाहेर. काही माइकना डब्यावरच दिशा बदलायचं बटण असतं. तो दाबही प्रत्येकाचा वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर एकाची दिशा बदलली की दुसऱ्याचीही बदलेल.

खिशातला हात

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०० व्होल्टची डीसी वीज जीव घेऊ शकते. प्रवाह १ मिलीअँपिअर लागतो याचा अर्थ टाकी तेवढाच देईल असा नाही. टाकीतला कंडेन्सर डब्याची पिन काढल्यावरही भरलेला राहतो. मेन स्विच बंद, दिवा बंद, सगळं शांत, आणि हात लावला की झटका. एका हातातून शिरून दुसऱ्या हाताने वीज बाहेर पडली तर ती छातीतून जाते. म्हणून बाबांचा एक हात खिशात असायचा.

असा डबा बनवणाऱ्याने टाकी आपोआप रिकामी होईल अशी गळती ठेवायलाच हवी. टाकीचा १०० मायक्रोफॅरड आणि दोन हंड्यांचे ४७-४७ मिळून १९४. त्याला कायमचा २२० किलोओहमचा रेझिस्टर जोडला तर २१० व्होल्टचे ३० व्हायला जवळपास दीड मिनिट लागतं. म्हणजे बंद केल्यावर निदान पाच मिनिटं थांबायचं आणि तरीही मीटर लावून खात्री करायची. डब्याचं धातूचं अंग अर्थिंगला पक्कं जोडलेलं हवं. आपल्या शाळांतला तीन पिनांचा सॉकेट बघून घ्या, तिसऱ्या भोकामागे वायर आहे की नुसतंच भोक आहे ते. केबलीचं जे टोक डब्याला लागतं, तिथे डब्याच्या बाजूला भोकांचं सॉकेट हवं, उघड्या पिना नकोत. आणि डबा चालू असताना केबल काढायची-घालायची नाही.

दादा जे करणार होते त्यात केबल सोलून पिळून त्यावर चिकटपट्टी मारायची होती, व्हरांड्यात, भाद्रपदातल्या ओलसर फरशीवर, भोवती अनवाणी मुलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे सगळे सण आणि सगळ्या मिरवणुका अशाच चिकटपट्टीवर पार पडतात. पण “आतापर्यंत काही झालं नाही” हा काही नियम नव्हे.

मुलांसाठी कृती

हा डबा मुलांनी बनवायचा नाही, उघडायचा नाही, जवळून बघायचाही नाही. पण तत्त्व मात्र त्यांना हाताने कळू शकतं. मी पाचवीत दोन कृती घेतल्या.

कृती पहिली. दोन लिटरची बाटली उंचावर ठेवा. बुडाला बारीक नळी बसवा. मत्स्यटाकीच्या दुकानात मिळणारा टी-जोड लावून त्या नळीला दोन फाटे फोडा. एक धार चालू असताना दुसरी सोडा आणि पहिलीचं काय होतं ते बघा. मग बाटलीपासूनच दोन वेगळ्या नळ्या काढा आणि पुन्हा बघा. “टाकी तीच, मग फरक कशाने पडला?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. आमच्या वर्गात उत्तर यायला चार मिनिटं लागली, पण ते मुलांचं होतं.

कृती दुसरी. चार पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट. जरा वापरलेले असले तर उत्तम. त्यावर खेळण्यातली छोटी मोटर आणि ४७० ओहमच्या रेझिस्टरसह एक लाल एलईडी जोडा. मोटरची तार टिचकीसारखी क्षणभर लावा. एलईडी डोळा मिचकावतो. आता एलईडीच्या वाटेवर एक डायोड आणि त्याच्या पुढे १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा. अधिक-उणे बाजू नीट बघून लावा, कंडेन्सर उलटा लागला तर खराब होतो. पुन्हा मोटरला टिचकी द्या. आता एलईडी मिचकावत नाही. डायोड म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारी झडप, कंडेन्सर म्हणजे हंडा. एका मुलीने विचारलं, “बाई, मोटर खूप वेळ चालवली तर?” चालवून बघितली. एलईडी हळूहळू मंद झाला. हंडा क्षणभराची अडचण निभावतो, दुष्काळ नाही. हे मी सांगितलं नाही, तिनेच सांगितलं.

पुढे काय झालं

त्या संध्याकाळी आम्ही एकाच माइकवर रेकॉर्डिंग केलं. आजी आणि नात शेजारी शेजारी बसल्या, माइक मध्ये. नातीचा आवाज थोडा दूरचा आला आहे. आजी एकदा गोष्ट विसरल्या, नातीने आठवण करून दिली, दोघी हसल्या. तेही तसंच ठेवलं. सव्वा तासात तीन गोष्टी झाल्या. आणखी बऱ्याच बाकी होत्या, पण मुलं पेंगायला लागली होती.

बाबांच्या मेकॅनिक मित्राने नंतर दादांसाठी सामाईक डबा बनवून दिला. एक टाकी, दोन वाटा, दोन रेग्युलेटर, दोन हंडे. ते बनवताना मला स्पष्ट म्हणाले, “फक्त दोन माइक असतील तर दोन वेगळे डबे दुरुस्त करणं जास्त सोपं आणि बिनधोक. सामाईक डबा बंद पडला की दोन्ही माइक एकदम मुके होतात.” हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. सामाईक म्हणजे नेहमी स्वस्त किंवा चांगलंच, असं नाही. सामाईक विहीर असलेल्या कुठल्याही भावकीला विचारा!

डबा तयार झाला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. वाडी वीटभट्टीवर गेली. चौथीच्या वर्गात नातीची जागा रिकामी आहे. त्या तीन गोष्टी मात्र पहिलीची मुलं ऐकतात. वर्षाच्या सुरुवातीपासून एक शब्दही न बोललेला एक मुलगा परवा आजींच्या गोष्टीतलं एक वाक्य आजी म्हणण्याआधीच बोलून मोकळा झाला.

पावसाआधी आजी परत येतील. दोन माइक आणि डबा तयार ठेवलेत. या वेळी नातीलाही तिचा स्वतःचा माइक मिळेल.

वरच्या दोन कृती आपल्या वर्गात किंवा घरी जरूर करून बघा. मुलांनी काय प्रश्न विचारले ते कळवा, त्यांची उत्तरं आपण मिळून शोधू. आणि आज घरी गेलात की तीन पिनांच्या सॉकेटमागची ती तिसरी वायर तेवढी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.